कुंकू लागलेली फ्लॉपी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा कॉम्प्युटर पाहायला पांढुर्ण्याचे लोक आमच्या जिनात यायचे. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायची फॅक्टरी. अंगावर रुई, केसांत रुई, चहातसुद्धा रुई. त्या सगळ्यातून वाचवलेली एक काचेची खोली होती. तिच्यात कॉम्प्युटर, त्याच्यासमोर मी आणि खिडकीत कूलर. कूलर माझ्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. पण हवा काही विचारून लागत नाही, त्यामुळे मलाही लागायची.

बाबा तिगाव स्टेशनवर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. माय दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची. मी बी.कॉम. झाले, नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि शेठजींनी मला ठेवून घेतलं. आमच्या घरात कमावणारी पहिली बाई मी नव्हे, माय होतीच. पण सावलीत बसून कमावणारी मी पहिली. संध्याकाळी घरी आले की माय माझे हात हातात घेऊन पाहायची आणि म्हणायची, "आजबी काही लागलं नाही बाप्पा." या नोकरीचं मोल मला त्या एका वाक्यात कळायचं.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. आजच्यासारखं बटण दाबलं आणि चालू, असं नव्हतं. बटण दाबलं की ती नुसती घुरघुरायची आणि कोऱ्या पडद्याने माझ्याकडे बघत बसायची. मग वरच्या खाचेत एक फ्लॉपी घालायची. काळी, चौकोनी, पापडासारखी लवचिक. तिच्यावर सिस्टीम असायची. ती वाचली की मशीनला आपण कोण आहोत ते आठवायचं आणि पडद्यावर हिरवं 'ए' आणि त्याच्यापुढे एक बाण उमटायचा. पाहायला येणाऱ्यांना इतकं सगळं कोण समजावणार? मी आपली ती फ्लॉपी उंच धरून सांगायची, "मशीनचा जीव याच्यात हाय." लोक मान डोलवायचे. शेठाणीबाई तर हात जोडायच्या.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मशीन देणाऱ्या नागपूरच्या कंपनीचं पत्र आलं. ही सिस्टीम आम्ही आता बंद केली आहे, यापुढे तिची फ्लॉपी मिळणार नाही, बिघडली तर दुरुस्तीला माणूस येणार नाही, नवी सिस्टीम आणि नवी मशीन घ्यावी. मी ते शेठजींना वाचून दाखवलं. शेठजी मनाने मोकळे माणूस. ते हसले.

"अरे बेटा, माझी स्कूटर ज्या कंपनीची हाय ते कंपनी कधीचीच बुडली. स्कूटर थांबली का? तिले काय मालूम?"

मलाही ते पटलं. मशीन तर मस्त चालून राहिली होती. पत्र तारेला खोचलं गेलं आणि मी कामाला लागले. सिस्टीमची एक फ्लॉपी होती आणि तिची एक नक्कल होती. दोन्ही मी एकाच स्टीलच्या डब्यात, टेबलाच्या खणात ठेवायची. चोर आला तर त्याला शोधाशोध नको, अशी ती व्यवस्था होती.

दसऱ्याला आम्ही घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. नवमीलाच पॅसेंजर पकडायची, मावशीच्या घरी पथारी टाकायची. आणि नवमीलाच, म्हणजे खंडेनवमीला, जिनात मशिनींची पूजा व्हायची. सरकी काढायची यंत्रं, गाठी बांधायचा प्रेस, वजनकाटा, ट्रकची चाकं, सगळ्यांना धुऊन पुसून हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे हार. त्या वर्षी काचेच्या खोलीची पाळी पहिल्यांदाच आली, कारण आदल्या दसऱ्याला मशीन नुकतीच आलेली आणि खोक्यातच होती.

मी परत आले तर कॉम्प्युटरच्या डोक्यावर झेंडूचा हार. मला हसू आलं. पुसून घेऊ म्हणून खण उघडला, तर स्टीलच्या डब्यावरही स्वस्तिक. डबा उघडला. दोन्ही फ्लॉप्यांवर जी लांबट खिडकी असते, जिच्यातून मशीन आतलं वाचते, नेमकी तिथे हळदीची आणि कुंकवाची दोन-दोन ठसठशीत बोटं. वर तांदळाचे दाणे चिकटलेले. आंब्याच्या पानाने पाणीही शिंपडलेलं असावं, कारण कुंकू ओघळून आत गेलं होतं.

शेठाणीबाईंना विचारलं तर त्या भाबडेपणाने म्हणाल्या, "तूच त सांगत होती ना बाई, मशीनचा जीव याच्यात हाय म्हणून. मंग आम्ही डब्याले कुंकू लावाचं अन् जीवाले तसाच ठेवाचा का? एकीलेच लावत होतो, पण दुसरी बिचारी कोरी दिसे. म्हून दोघींलेबी लावलं."

यावर कोणी काय रागवावं? पूजा तर मन लावून केली होती. मी फ्लॉपी पुसली, झटकली, देवाचं नाव न घेता मशीनमध्ये घातली. मशीन घर्र घर्र करत राहिली, जणू घशात माशाचा काटा अडकला होता. पडदा कोरा. दुसरी घातली, तीच गत. कापूस येण्याचा हंगाम तोंडावर होता. शेतकऱ्यांच्या कापसाचे ढीग, गाठी, मजुरांच्या हजेऱ्या, या सगळ्याचा हिशोब दुसऱ्या फ्लॉप्यांवर होता. त्या कपाटात कुलपात असल्यामुळे कुंकवापासून वाचल्या होत्या. पण वाचणारी मशीनच झोपली तर त्या फ्लॉप्या असून नसून सारख्या.

शेठजींचे मोठे भाऊ आले. त्यांना ही मशीन पहिल्यापासून डोळ्यांत खुपायची. त्यांनी हार काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी म्हणतच होतो. डबा तो डबाच."

शेठजींनी मला बाहेर बोलावलं. त्यांचा चेहरा पडला होता. "बेटा, दिवाळीपर्यंत पाह्य. चालू झाली त ठीक. नाही त लक्ष्मीपूजनापासून मुनीमजी जुन्या रिवाजानं लिहितील. मंग तुले मी इथं कायच्या नावानं बसवू?"

ते खोटं बोलत नव्हते. मशीन नाही तर मशीन चालवणारी कशाला? मी घरी काही बोलले नाही. पण माय भाकरी थापताना मी तिच्या हातांकडे पाहत बसले. तळव्यांवरच्या भेगांत वावराची काळी माती कायमची बसली होती, धुऊनही न निघणारी. मला तेव्हा खरंच भीती वाटली. निंदायला जायची लाज नव्हती, पण मायने ज्यासाठी इतकी वर्षं कंबर वाकवली ते एका चिमूटभर कुंकवात जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या फोनवरून नागपूरला ट्रंककॉल लावला. कंपनीतला इंजिनिअर पोरगेलासा होता, पण भला होता.

"ताई, खरं सांगू का? ते सिस्टीम आता आमच्याकडं कोणी वापरूनच नाही राहिलं. फ्लॉप्या होत्या त्या पुसून त्यांच्यावर नवीन भरलं. तुम्हाले पत्र गेलं होतं ना?"

"गेलं होतं," मी म्हटलं. पलीकडे कागदांची चाळवाचाळव ऐकू आली.

"थांबा, तुमच्यासारखीच एक मशीन आम्ही सौंसरला देली होती. एका ठेकेदाराच्या ऑफिसात. तिथं एक बाई चालवतात. त्यांच्याकडं असन पाहा. आणि ताई, मशीनचं डोकं आधी साफ करा. नाही त नवी फ्लॉपीबी तिच्यात खराब होईन."

फोन ठेवता ठेवता त्या पोराने एवढं सांगितलं, त्याबद्दल त्याचं भलं होवो. डोकं म्हणजे फ्लॉपी वाचणारा मशीनच्या आतला भाग. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मी स्पिरिट आणलं. पुसायला कापूस घ्यावा तर तो तंतू सोडतो. साऱ्या जिनात डोंगराएवढा कापूस आणि माझ्या कामाचा एक बोळा नाही! शेवटी बाबांच्या जुन्या धोतराची चिंधी धुऊन वाळवून नेली आणि तिने हलक्या हाताने कुंकू काढलं. चिंधी गुलाबी झाली. एका टाकाऊ फ्लॉपीवर तपासून पाहिलं, तिच्यावर ओरखडा उठला नाही. मग सौंसरची बस धरली.

ठेकेदाराचं ऑफिस बसस्टँडपासून जवळच होतं. आत कोपऱ्यात तीच मशीन, आमच्या मशीनची जुळी बहीण, आणि तिच्यासमोर चाळिशीची एक बाई. जाड चष्मा, कॉटनची साडी, पदर खोचलेला. मी सगळं धडाधडा सांगून टाकलं. कुंकवाचं ऐकून त्या तोंडावर हात धरून हसल्या. मग विचारलं, "अन् तू कुठं होती दसऱ्याले?"

"नागपूरला," मी म्हटलं.

आमच्या भागात दसऱ्याला नागपूरला गेलो असं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. कळल्यावर काही लोकांचं बोलणं आखडतं, खुर्ची थोडी मागे सरकते. मी लहानपणापासून ते पाहत आले होते, म्हणून मी त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची होती तिथेच राहिली.

"गर्दी लई असन," त्या म्हणाल्या. "बस. पाणी घे. ताई म्हण मले, बाई-बाई नको करू."

मग ताईंनी आपली अडचण सांगितली. त्यांच्या मशीनला फ्लॉपी घालायच्या दोन खाचा, त्यातली एक पावसाळ्यापासून बंद. दुरुस्त करायला कोणी येत नाही, म्हणून नक्कल काढता येत नाही. सिस्टीमची एकच फ्लॉपी उरलेली, तीच रोज चालवायची. घरी मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, लकव्याने अंथरुणाला खिळलेले. घर ताईंच्या पगारावर. ही फ्लॉपी गेली तर त्यांचीही खुर्ची गेली.

मी उठले. म्हटलं, "राहू द्या ताई. तुमची एकच हाय. मी कशी मागू?"

"तुझ्या मशीनच्या दोन्ही खाचा चालतात ना?"

"चालतात."

"डोकं साफ केलं?"

"केलं. तपासलंबी."

ताई मशीनकडे वळल्या. मशीन चालू होती. त्यांनी खाचेतून फ्लॉपी काढली, पाकिटात घातली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून सुतळीने बांधली आणि माझ्या हातात दिली.

"एकदा चालू झाली की दिवसभर याच कामात ठेवीन तिले, त फ्लॉपी लागत नाही. लाईन गेली तरच लागते. तू नक्कल काढ, मलेबी एक दे. उद्या सकाळी आणून दे."

त्यांचाही त्यात फायदा होता, हे खरं. पण फायदा समोर दिसला तरी आपल्या घराची भाकरी एका अनोळखी पोरीच्या हातात देऊन तिला बसमध्ये बसवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. त्यांनी माझा पत्ताही विचारला नाही. मीच आपणहून सांगितला.

बसमध्ये मी ती पुठ्ठ्यांची जुडी मांडीवर धरून बसले. ऊन लागू नये म्हणून पदर, वाकू नये म्हणून ताठ पाठ. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीचं दर्शन घेऊन आलेले लोक चढले. एक म्हातारी माझ्या शेजारी टेकली. तिच्या बोटांना शेंदूर, हातात फोडलेला नारळ, त्यातून पाणी गळतंय.

"काय हाय व बाई त्याच्यात? फोटो हाय का देवाचा?" असं म्हणत तिने शेंदराचं बोट पुढे केलं. मी इतक्या जोरात "नाही!" ओरडले की कंडक्टरने शिट्टी मारून बस थांबवली. बिचारी म्हातारी घाबरली. मग मीच वरमून तिच्याकडून प्रसाद घेतला, डाव्या हाताने पुठ्ठा खिडकीकडे धरून खाल्लासुद्धा. खोबरं गोड होतं.

जिनात पोचले ती थेट काचेच्या खोलीत. ताईंच्या फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर आधी कागदाची पट्टी चिकटवली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये. मग ती वरच्या खाचेत घातली. मशीनने एकदा घर्र केलं, थांबली, आणि पडद्यावर हिरवं 'ए' आणि बाण. मला रडू फुटलं. काचेपलीकडे शेठजी, शेठाणीबाई, हमाल, मुनीमजी सगळे उभे. शेठाणीबाईंनी हात जोडायला वर नेले आणि मग काय आठवलं कोण जाणे, दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी नकला काढल्या आणि प्रत्येकीने मशीन चालू होते का ते पाहिलं. शेठजींचे मोठे भाऊ म्हणाले, "आता हे कपाटात ठेव बाई, अन् चाबी मले दे." दिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने सौंसरला गेले. ताई अजून यायच्या होत्या. ऑफिसचा म्हातारा चपराशी झाडून काढत होता. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मशीनच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाला, "काल ताईवर लई बिजली पडली. दुपारी लाईन गेली, मंग आली, पण मशीन काही चालू झालीच नाही. मालकाले नागपूरले हिशोब पाठवाचा होता. चार लोकांत असं बोलले तिले, असं बोलले, की माह्यानं ऐकवलं नाही. म्हणे मशीन जमत नसन त घरी बस अन् नवऱ्याची सेवा कर. ताई एवढंच म्हणे, मशीन रुसली हाय, उद्या चालन."

मी माझ्या बसच्या वेळेचा हिशोब केला. ताई ते सगळं ऐकून घेत होत्या तेव्हा मी खोबरं खात असेन.

ताई आल्या. मी फ्लॉपी आणि नकला दिल्या. त्यांनी एकेक उजेडात धरून पाहिली, मशीन चालू केली, हिरवा बाण आला तसा चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, "ताई, मी मालकाले सांगते. फ्लॉपी माझ्याकडं होती म्हणून."

"वेडी झाली का?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "बोलणं खाऊन झालं, पचलंबी. आता कायले पुन्हा ताट वाढते? एक नक्कल माझ्या घरी ठेवीन, एक इथं. तूबी तसंच कर. एका डब्यात नको ठेवू आता, समजलं?"

समजलं. पुढच्या वर्षी शेठजींनी नवी मशीन घेतली, ताईंच्या मालकानेही घेतली. जुनी चालू असतानाच आम्ही दोघींनी सगळं छापून घेतलं, नवीवर चढवलं, ताडून पाहिलं, आणि मगच जुनीवर कापड टाकलं. अडलं की मी ताईंना फोन करायची, त्यांना अडलं की त्या मला. पुढे माझ्या नोकरीत अशा कितीतरी सिस्टीमा आल्या आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडल्या. दर वेळी ऑफिसात धावपळ उडते. मी दर वेळी तेच सांगते. बंद पडायची वाट पाहू नका, तहान लागल्यावर विहीर खणून पाणी लागत नाही. नकला काढा, वेगवेगळ्या घरी ठेवा, आणि हीच मशीन आणखी कोणाकडे आहे ते शोधून त्या माणसाशी ओळख करून ठेवा.

पण मला सांगायचंय ते त्या कुंकवाच्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या रविवारचं. आमच्याकडे आभार तोंडाने मानत नाहीत, जेवायला बोलावतात. मी बोलावलं आणि ताई खरंच आल्या, बस बदलत, मास्तरांना शेजारणीवर सोपवून. माय सकाळपासून कावरीबावरी. गावातलं कोणी घरी आलं की तिची एक रीत होती. बाजारातून पेढे आणायचे आणि सोबत संत्री ठेवायची. संत्र्याला साल असते, पेढा हलवायाच्या हातचा असतो, म्हणजे आलेल्या माणसाला आमच्या चुलीवरचं नाही म्हणायची पाळी येत नाही आणि आपल्याला ते ऐकायची. स्वयंपाक तिने केला होता, पण तो आत झाकून ठेवला. बाहेर ताईंच्या पुढे तिने पेढ्यांचा पुडा आणि संत्री ठेवली, आणि स्वतः दारात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहिली.

ताईंनी ताटलीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. संत्रं उचललं, परत ठेवलं.

"माय, हे मी घरी नेते मास्तरांसाठी. मी पहाटेची निघाली, उपाशी हाव. चुलीवर काय केलं ते सांग."

माय आत चुलीकडे पाहू लागली. मीच म्हटलं, "वांग्याची भाजी. भाकर. ठेचा."

ताई उठल्या, आत गेल्या आणि चुलीजवळ पाटावर बसल्या. मायने ताट वाढलं. थोडा रस्सा ताटाबाहेर सांडला. ताईंनी भाकरी मोडून पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झालं का व?" मायने घाबरून विचारलं.

"झालं," ताई म्हणाल्या. "वाढ अजून."

माय वाढत राहिली. मग मीही माझं ताट ताईंच्या ताटाशेजारी ओढून जेवायला बसले.